मालेगांवचा वेढा व नेमाची दुरुस्ती

मालेगांवचा भुईकोट नारो शंकर राजेबहाद्दर यांनीं इ. स. १७४० चे सुमारास मोसम नदीच्या तीरीं बांधिला. १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल मॅकडॉवेल यानें त्यास वेढा दिला. आंतील अरब शिबंदीनें २९ मे रोजीं इंग्रजांचा हल्ला परतविला. पुढें कुमक आल्यावर उखळी तोफांचा मारा झाला; ११ जून रोजीं दारूचें कोठार उडालें आणि १४ जून रोजीं शिबंदी कोटाबाहेर पडली. वाचकांस हा केवळ दैवयोग वाटेल. परंतु गोलंदाज नेम कसा दुरुस्त करीत, हें समजल्यावांचून तसा निर्णय देणें योग्य नव्हे.

प्रत्येक तोफेच्या ठायीं दोन रेषा असतात: एक नळीच्या मध्यांतून जाणारी, दुसरी गोलंदाजाच्या दृष्टीची. जुनी तोफ कान्याकडे जाड व तोंडाकडे बारीक असे. तिच्या पाठीवरून शिस्त धरिली असतां तोंड वस्तुतः उंच राही व जवळच्या लक्ष्यावरून गोळा निघून जाई. यास्तव दोन्हीं टोकांच्या व्यासांत जें अंतर, त्याच्या निम्मे उंचीची माशी तोंडावर बसवीत. म्हणजे दोन्हीं रेषा समांतर होत. मग कान्याखालील पाचर आंत सारिली कीं तोंड खालीं येई, बाहेर ओढिली कीं वर जाई.

उखळी तोफेची रीत निराळी. तटाआडचें लक्ष्य दिसत नसे. नळी बहुधा ४५ अंशांवर ठेवून दारूच्या वजनानें पल्ला कमीअधिक करीत, आणि कुलपी गोळा केव्हां फुटावा हें त्याच्या वातीच्या लांबीवर ठरे. पहिला गोळा कोठें पडला हें पाहून दुसरा सुधारावयाचा. तेव्हां अमुक गोळा कोठारावरच पडला यांत दैवाचा अंश असेल. परंतु गोळे कोटांत पडत राहिले, यांत नाहीं.

आजच्या रायफलीवरील दुर्बिणीचाही नियम हाच. रायफल पक्क्या आधारावर ठेवून एकाच जातीच्या काडतुसांनीं १०० यार्डांवर तीन गोळ्या झाडाव्या व तिहींचा मध्य काढावा. तो तीन इंच खालीं आला असें समजूं. १०० यार्डांवर एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, सुमारें एक इंच भरते. स्क्रूचा एक टिचका पाव कलेचा असल्यास बारा टिचके वर घ्यावे आणि पुनः तीन गोळ्या झाडून पडताळा पहावा. तिन्ही गोळ्या विखुरल्या असतील तर स्क्रूस हात लावूं नये. आधीं दुर्बिणीची बैठक सैल आहे किंवा घोडा ओढितांना हात हालतो, हें तपासावें.

एका गोळीवरून नेम बदलणारा प्रत्येक गोळीबरोबर चुकत जातो. एकाच कागदावरून वेढ्याचा निकाल देणाऱ्या संशोधकाची गत याहून वेगळी होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.