एकाच ठशाच्या पेशी

मुलांनो, आपल्या शरीरावर नाना प्रकारचे रोगजंतू सदैव चाल करून येत असतात. उद्या कोणता शत्रू येईल, हे कोणासच ठाऊक नसते. तरीही त्याला तोंड देण्याची सिद्धता आपल्या रक्तात आधीपासूनच असते. हे कार्य बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. त्या हाडांतील मज्जेत जन्मतात आणि जंतूंना जखडणारी प्रतिपिंडे बनवितात.

प्रतिपिंडांचे प्रकार कोट्यवधी आहेत. मनुष्याची जनुके मात्र सुमारे 20,000 आहेत. मग हे साधते कसे? मण्यांच्या तीन पेट्या डोळ्यांसमोर आणा. पहिलीत सुमारे 40, दुसरीत 23 आणि तिसरीत 6 मणी आहेत. प्रत्येकीतून एकेक मणी घेऊन ओवला, तर साडेपाच हजार निरनिराळ्या जुळण्या होतात. बी-पेशी आपल्या जनुकाचे तुकडे असेच निवडून जोडते. सांध्यांवर आणखी फेरफार होतात, म्हणून प्रत्येक नव्या पेशीचा ठसा निराळा ठरतो. जनुकांची ही फेरजुळणी जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये दाखवून दिली. त्याबद्दल त्यांना 1987 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु वाढत्या वयातील एखादी बी-पेशी बिघडून अनिर्बंध वाढू लागली, की रक्ताचा कर्करोग उद्भवतो. तिच्या साऱ्या संततीवर बहुधा तिचाच ठसा असतो. निरोगी मज्जा म्हणजे नाना वेषांच्या लोकांनी गजबजलेला बाजार. रोगग्रस्त मज्जा म्हणजे एकाच गणवेषातील सैन्य! हे साम्यच वैद्यांच्या उपयोगी पडते. उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाला काही दिसले नाही, तरी त्या ठशाचा माग काढून 10,000 निरोगी पेशींत दडलेली एक रोगी पेशीही हुडकता येते. त्यावरून पुढील उपचार ठरतात.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन व उपचार करणारी संस्था आहे. 4 जून 2021 रोजी तेथे भारतातील पहिला ‘कार-टी’ उपचार झाला. पवईच्या आय.आय.टी.च्या सहकार्याने सिद्ध झालेल्या या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींना नवे जनुक देऊन बी-पेशींवरील खूण ओळखण्यास शिकविले जाते. ती खूण ओळखणारा भाग प्रतिपिंडाच्याच घडणीचा असतो. 15 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या रुग्णांसाठी या उपचारास ऑक्टोबर 2023 मध्ये शासकीय मान्यता मिळाली.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. वेळेवर आणि पुरते उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुले बरी होतात. असा एखादा सोबती शाळेत परत आला, तर त्याला आपल्या शेजारी आनंदाने जागा द्या.