चकाकीमागचे लाकूड

कार्यानुभवाच्या तासाला विद्यार्थ्यांनी केलेले पाट आणि स्टुले प्रदर्शन संपले की घरोघरी जातात. सुताराने घडवलेले कपाट गिऱ्हाइकाकडे पोचले की सुताराजवळ उरते ते छायाचित्र. पुढचे काम पुष्कळदा त्यावरूनच मिळते. पण या छायाचित्रांत लाकडाच्या सुंदर रेषांच्या जागी बहुधा एक पांढरा डाग दिसतो. असे का होते?

पॉलिश केलेल्या लाकडाकडून आपल्याकडे दोन प्रकारचा प्रकाश येतो. पॉलिशचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. त्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ ४ टक्के प्रकाश वरच्या वर, आरशासारखा परत फिरतो. तो लाकडाला शिवतही नाही, म्हणून त्यात लाकडाचा रंग नसतो. असते ती केवळ दिव्याची प्रतिमा. उरलेला प्रकाश आत शिरतो. त्यातला काही लाकूड शोषून घेते, बाकीचा तंतूंवरून सर्व दिशांना विखुरतो. सागवानाचा पिवळसर तपकिरी रंग आणि वर्षवलयांच्या रेषा आपल्याला दाखवतो तो हाच प्रकाश.

४ टक्के ही मात्रा क्षुल्लक वाटेल. पण हा प्रकाश एकाच दिशेने जातो आणि नेमका कॅमेऱ्यात शिरला, तर विखुरलेल्या मंद प्रकाशावर सहज मात करतो. डोळ्यांनी पाहताना आपण नकळत मान हलवून चकाकी टाळतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. मोबाइलचा फ्लॅश तर भिंगाला चिकटूनच असतो. समोरून फ्लॅश मारला की त्याचा प्रकाश आला त्याच वाटेने परततो.

उपाय आपण शाळेत शिकवतो त्या नियमातच आहे: आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात. म्हणून फ्लॅश बंद करावा, वस्तू खिडकीजवळ ठेवावी आणि प्रकाश बाजूने येऊ द्यावा. चकाकी दुसऱ्या बाजूला निघून जाईल. कोरीवकामावर किंवा पटाशीच्या खुणांवर प्रकाश अगदी तिरपा पडू द्यावा. लहान उंचवट्यांच्याही सावल्या पडून काम उठून दिसेल. अर्थात रंधा नीट न चाललेली जागाही तितकीच स्पष्ट दिसेल!

दुसरा उपाय ध्रुवीकरणाचा. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ साली दाखवले, की एका विशिष्ट कोनातून परावर्तित झालेला प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो. या कोनाची टॅन्जन्ट म्हणजे अपवर्तनांक. आपल्या पॉलिशसाठी हा कोन लंबाशी सुमारे ५६ अंश, म्हणजे पृष्ठभागाशी ३४ अंश येतो. या कोनातून टेबलाकडे पाहत पोलरॉइडचा तुकडा डोळ्यांसमोर फिरवा. एका स्थितीत चकाकी जवळजवळ नाहीशी होते आणि खालच्या रेषा वर आल्यासारख्या वाटतात. तोच तुकडा कॅमेऱ्याच्या भिंगापुढे धरता येतो. मात्र तो निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो, तेव्हा कॅमेरा स्टुलावर टेकवून स्थिर ठेवावा.

आणखी दोन गोष्टी. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र वापरू नये. एकच लाकूड दोन रंगांचे दिसते. खुर्चीचे छायाचित्र उभ्याने, वाकून घेतले तर पाय खाली निमुळते होत जवळ आलेले दिसतात. तेव्हा थोडे दूर जावे आणि कॅमेरा न झुकवता खुर्चीच्या मध्याच्या उंचीवर धरावा.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. पॉलिश केलेली फळी आणि तिच्यावरची पितळी मूठ पोलरॉइडमधून पाहायला सांगावे. फळीची चकाकी जाते, मुठीची मात्र तशी जात नाही. धातू प्रकाशाशी वेगळे का वागतो, हा प्रश्न मग विद्यार्थीच विचारतील.