विश्लेषण : एका चित्रपटामुळे अमेरिकेचे सायबर धोरण कसे बदलले? ‘वॉरगेम्स’चा दुसरा प्रश्न आजही कायम का?

एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून अमेरिकी लष्कराच्या यंत्रणेत शिरतो आणि खेळ समजून जगाला अणुयुद्धाच्या तोंडाशी नेऊन ठेवतो. जून १९८३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘वॉरगेम्स’ या विज्ञानपटाची ही कथा. ती पाहून अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सेनाधिकाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला. त्यातून पंधरा महिन्यांत संगणक सुरक्षेबाबतचा अध्यक्षीय आदेश निघाला. मात्र या चित्रपटात आणखी एक प्रश्न होता. अण्वस्त्र डागण्याचा निर्णय यंत्रावर सोपवायचा का? कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) लष्करात शिरत असताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला आहे.

चित्रपटाची कथा काय?

जॉन बॅडहॅम दिग्दर्शित या चित्रपटाची सुरुवात एका सरावाने होते. क्षेपणास्त्र डागण्याचा आदेश आल्यावर प्रत्यक्ष किती अधिकारी किल्ली फिरवतात, याची गुपचूप चाचणी घेतली जाते. २२ टक्के जण कचरतात. माणूस ऐनवेळी डगमगतो, तेव्हा त्याला बाजूला काढा आणि निर्णय यंत्राला घेऊ द्या, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. मग ‘वॉपर’ नावाच्या महासंगणकाकडे हे काम जाते.

दुसरीकडे मॅथ्यू ब्रॉडरिकने साकारलेला डेव्हिड हा मुलगा अद्याप बाजारात न आलेल्या व्हिडीओ गेमच्या शोधात असतो. त्याच्या संगणकाला जोडलेला मोडेम एका शहरातील दूरध्वनी क्रमांक एकामागून एक फिरवत जातो. पलीकडून माणसाऐवजी संगणकाने ‘उत्तर’ दिले, की तो क्रमांक नोंदवून ठेवतो. या पद्धतीला पुढे ‘वॉर डायलिंग’ हे नाव पडले, तेही याच चित्रपटावरून. अशा रीतीने तो वॉपरपर्यंत पोहोचतो. यंत्रणा बनवणाऱ्या शास्त्रज्ञाने स्वतःसाठी एक चोरवाट ठेवलेली असते. तिचा पासवर्ड असतो त्या शास्त्रज्ञाच्या दिवंगत मुलाचे नाव. डेव्हिड तो ओळखतो, ‘जागतिक अणुयुद्ध’ हा खेळ निवडतो आणि यंत्राला खेळ व वास्तव यांतला फरक कळत नाही.

रेगन यांनी नेमके काय विचारले?

रेगन राजकारणात येण्यापूर्वी हॉलीवूडमध्ये अभिनेते होते. मेरीलँडमधील कॅम्प डेव्हिड या अध्यक्षीय निवासस्थानी शनिवार-रविवारी चित्रपट पाहण्याचा त्यांचा शिरस्ता होता. ४ जून १९८३ रोजी त्यांनी तेथे ‘वॉरगेम्स’ पाहिला. पुढच्याच आठवड्यात राष्ट्रीय सुरक्षेसंबंधी अधिकारी आणि काँग्रेस सदस्यांची बैठक होती. विषय क्षेपणास्त्रांचा होता. पत्रकार फ्रेड कॅप्लन यांनी ‘डार्क टेरिटरी’ या पुस्तकात दिलेल्या वृत्तान्तानुसार रेगन यांनी मध्येच चित्रपटाची कथा सांगायला सुरुवात केली. उपस्थितांपैकी अनेकांना अध्यक्षांच्या या विषयांतराचे आश्चर्य वाटले. शेवटी रेगन संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल जॉन व्हेसी यांच्याकडे वळले आणि त्यांनी विचारले, की असे खरोखर होऊ शकते का?

व्हेसी यांनी माहिती घेऊन सांगतो म्हटले. आठवडाभराने त्यांनी आणलेल्या उत्तराचा आशय असा होता, की परिस्थिती अध्यक्षांना वाटते त्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

तज्ज्ञांना हे आधी माहीत नव्हते का?

माहीत होते. ‘रँड कॉर्पोरेशन’मधील संगणकतज्ज्ञ विलिस वेअर यांनी १९६७ मध्येच या धोक्यावर शोधनिबंध लिहिला होता. तोवर आजच्या इंटरनेटची पूर्वज असलेली ‘अर्पानेट’ही सुरू व्हायची होती. एकाच संगणकाला दुरून अनेकांनी जोडून घेतले, की गुपित माहिती आणि साधी माहिती यांच्यामधली भिंत कमकुवत होते, असा त्यांचा मुद्दा होता. १९७० मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने संरक्षण खात्याला सविस्तर अहवाल दिला. पण त्यांच्या इशाऱ्याने धोरणाची चक्रे हलली नाहीत.

‘वॉरगेम्स’चे पटकथालेखक लॉरेन्स लास्कर आणि वॉल्टर पार्क्स कथेची शहानिशा करण्यासाठी याच वेअर यांच्याकडे गेले होते. लष्करी संगणक बाहेरच्या दूरध्वनी वाहिनीला जोडलेला असणे शक्य आहे का, ही त्यांची शंका होती. कॅप्लन यांच्या म्हणण्याप्रमाणे वेअर यांनी होकार दिला. यंत्रणा बंदिस्त असली तरी काही अधिकाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी घरून काम करायचे असते, त्यामुळे एखादी वाट उघडी राहते, असे त्यांनी सांगितले. जे सोळा वर्षे तज्ज्ञांच्या कागदांत पडून होते, ते जवळपास दोन तासांच्या चित्रपटाने अध्यक्षांपर्यंत पोहोचवले. चित्रपटाने नवा धोका शोधला नाही. त्याने जुना धोका सामान्य माणसाला, आणि म्हणून राज्यकर्त्याला, कळेल अशा भाषेत मांडला.

धोरण आणि कायद्यात काय बदलले?

१७ सप्टेंबर १९८४ रोजी रेगन यांनी ‘एनएसडीडी-१४५’ या आदेशावर स्वाक्षरी केली. दूरसंचार आणि संगणक यंत्रणांच्या सुरक्षेचे राष्ट्रीय धोरण त्यात होते. शत्रूराष्ट्रे, दहशतवादी आणि गुन्हेगार संगणकांतील माहिती चोरू शकतात, हे सरकारने उच्च पातळीवर मान्य केले.

दरम्यान, चित्रपटासारखीच एक खरी घटनाही उघडकीस आली. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरातील ‘४१४’ नावाच्या तरुणांच्या टोळक्याने मोडेमच्या साह्याने अनेक संगणकांत शिरकाव केला होता. त्यात अण्वस्त्र संशोधनासाठी प्रसिद्ध असलेली लॉस अलामॉस प्रयोगशाळा आणि न्यूयॉर्कमधील एक कर्करोग रुग्णालयही होते. ४१४ हा त्या शहराचा दूरध्वनी कोड. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीसमोर यावर सुनावणी झाली तेव्हा ‘वॉरगेम्स’मधील दृश्यही दाखवण्यात आले. १९८४ मध्ये संगणक गुन्ह्यांसंबंधी पहिला संघीय कायदा झाला. १९८६ मध्ये त्याचा विस्तार होऊन ‘कॉम्प्युटर फ्रॉड अँड अब्युज अॅक्ट’ अस्तित्वात आला.

या प्रभावाची दुसरी बाजू कोणती?

भीतीच्या भरात झालेल्या धोरणांना किंमतही मोजावी लागते. एनएसडीडी-१४५ ने संगणक सुरक्षेची मोठी जबाबदारी ‘नॅशनल सिक्युरिटी एजन्सी’कडे दिली. ही परदेशी संदेश टिपणारी गुप्तचर संस्था. तिलाच देशातील नागरी संगणकांवर देखरेखीचा अधिकार मिळणार म्हटल्यावर नागरी स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनी आणि काँग्रेसने आक्षेप घेतला. अखेर १९८७ च्या ‘कॉम्प्युटर सिक्युरिटी अॅक्ट’ने नागरी सरकारी संगणकांची जबाबदारी मानके ठरवणाऱ्या बिगरलष्करी संस्थेकडे सोपवली.

१९८६ च्या कायद्यावरही टीका झाली. ‘परवानगीशिवाय प्रवेश’ या शब्दांची व्याप्ती इतकी मोठी होती, की किरकोळ नियमभंगही गंभीर गुन्हा ठरू शकत होता. शोधनिबंध मोठ्या प्रमाणावर डाउनलोड केल्याप्रकरणी कार्यकर्ते आणि प्रोग्रामर आरन स्वार्ट्झ यांच्यावर याच कायद्याखाली आरोप ठेवले गेले. खटला सुरू होण्याआधीच जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी त्यांनी आयुष्य संपवले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘व्हॅन ब्युरेन’ खटल्यात या कायद्यातील एका महत्त्वाच्या तरतुदीचा अर्थ मर्यादित केला.

यंत्राने खोटा इशारा दिल्याच्या घटना खऱ्या आहेत का?

होय, आणि त्यातील दोन चित्रपटाच्या आधीच्या आहेत. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण मुख्यालयातील पडद्यांवर सोव्हिएत संघाचा मोठा क्षेपणास्त्र हल्ला दिसू लागला. लढाऊ विमाने आकाशात झेपावली. प्रत्यक्षात प्रशिक्षणासाठी तयार केलेला काल्पनिक हल्ला चालू यंत्रणेत शिरला होता. ३ जून १९८० रोजी पुन्हा असाच इशारा आला. या वेळी दोष एका बिघडलेल्या चिपचा होता. तिची किंमत होती ४६ सेंट. दोन्ही वेळा रडार आणि उपग्रहांकडील मूळ माहिती पडताळून पाहिल्यावर इशारा खोटा असल्याचे स्पष्ट झाले.

तिसरी घटना ‘वॉरगेम्स’ प्रदर्शित झाल्यानंतर चारच महिन्यांत, पण पलीकडच्या बाजूला घडली. सोव्हिएत संघाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ जणांचा बळी घेतल्याला महिनाही झाला नव्हता. तणाव टोकाला पोहोचला होता. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोजवळील केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्टानिस्लाव पेत्रोव्ह ड्युटीवर होते. उपग्रह यंत्रणेने अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघाल्याचे दाखवले, मग आणखी चार. पेत्रोव्ह यांनी विचार केला, की अमेरिका हल्ला करणारच असेल तर अवघ्या पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात कशाला करेल? जमिनीवरील रडारवरही काही दिसत नव्हते. त्यांनी वरिष्ठांना ‘यंत्रणेतील बिघाड’ असे कळवले. उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रहाने क्षेपणास्त्र समजले होते.

चित्रपटाच्या शेवटीही हेच घडते. पडद्यावर हल्ला दिसत असताना सेनाधिकारी प्रतिहल्ल्याचा आदेश रोखून धरतो आणि लक्ष्य ठरलेल्या तळांना दूरध्वनी करून ते शाबूत आहेत का, हे विचारतो. पेत्रोव्ह यांची हकिकत मात्र सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९० च्या दशकातच जगाला कळली.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न कसा दिसतो?

४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या भूमिकेनुसार भारत अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही. प्रत्युत्तराचा निर्णय केवळ नागरी राजकीय नेतृत्व, पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेमार्फत घेईल. म्हणजे निर्णय माणसाच्या हाती आहे. तरीही उपखंडात अंतरे कमी असल्याने विचाराला मिळणारा वेळ मिनिटांतच मोजावा लागतो.

९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती आणि जीवितहानी झाली नाही. विहित कार्यपद्धतीचे पालन न झाल्याचे चौकशीत आढळले आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. पाकिस्तानने प्रतिहल्ला केला नाही, म्हणून ही घटना चौकशीवर थांबली.

यंत्रणेत शिरकाव होण्याचा अनुभवही भारताला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाच्या प्रशासकीय कामासाठीच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात मालवेअर आढळल्याचे भारतीय अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले. अणुभट्टीचे नियंत्रण करणारी यंत्रणा या जाळ्यापासून वेगळी असल्याने तिच्यावर परिणाम झाला नाही. वेअर यांनी सांगितलेली ‘उघडी वाट’ ती हीच, आणि अशी वाट गृहीत धरूनच महत्त्वाच्या यंत्रणा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

एआयच्या काळात काय बदलले?

नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूमधील लिमा येथे अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन आणि चीनचे अध्यक्ष क्षी जिनपिंग यांची भेट झाली. अण्वस्त्रांच्या वापराचा निर्णय माणसाच्याच नियंत्रणात राहिला पाहिजे, यावर दोघांचे एकमत झाले. ही घोषणा महत्त्वाची आहे, पण तो पडताळणीची तरतूद असलेला करार नाही.

शिवाय बटण माणसाच्या हाती राहिले, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. उपग्रह चित्रे वाचणे, हालचालींतून धोका ओळखणे, पर्याय सुचवणे ही कामे एआयकडे जाऊ शकतात. अशा वेळी शेवटचा होकार देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर यंत्राने आधीच काढलेला निष्कर्ष असतो. तो नाकारायला स्वतंत्र माहिती लागते आणि वेळही लागतो. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला लक्ष्य गाठायला साधारण अर्धा तास लागतो, पाणबुडीतून डागलेल्याला त्याहून कमी. निर्णयाचा वेग वाढवण्यासाठी एआय आणायचे आणि त्याच वेळी माणसाला शंका घेण्याची सवडही ठेवायची, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात.

पेत्रोव्ह यांच्याकडे रडारची दुसरी माहिती होती आणि यंत्रावर अविश्वास दाखवण्याची मुभा त्यांनी स्वतःच घेतली. ‘वॉरगेम्स’च्या पहिल्या दृश्यात किल्ली न फिरवणाऱ्या २२ टक्के अधिकाऱ्यांना यंत्रणेतील दोष ठरवले गेले होते. लष्करी यंत्रणांमध्ये एआय आणताना प्रत्येक देशाला ठरवावे लागणार आहे, की असा थबकणारा माणूस हा दोष मानायचा, की शेवटची सुरक्षा?