पुठ्ठ्याच्या पेटीतला प्रकाश

छायाचित्रकाराच्या साधनांत फ्लॅश जितका प्रबल तितकाच रांगडा होय. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास तो जो लखलखाट करतो त्याचा उगम जेमतेम ७ सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद अशा तावदानात असतो, आणि एवढ्याशा उगमातून निघालेला प्रकाश माणसाच्या नाकाशेजारी व हनुवटीखाली धारदार कडांची काळी छाया पाडल्यावाचून राहत नाही. त्याला शिस्त लावणारे जिन्नस बाजारात मिळतात व त्यांतले काही उत्तमही असतात; तथापि ज्या नियमांवर त्यांचे कार्य चालते ते रद्दीतल्या पुठ्ठ्यालाही तंतोतंत लागू असल्यामुळे, ज्याला प्रकाशाचा स्वभाव खरोखर जाणून घ्यावयाचा आहे त्याने आपली पहिली पेटी स्वतःच बांधावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

माझी भिस्त बुटांच्या रिकाम्या खोक्यावर आहे. सुमारे ३० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद अशा त्याच्या झाकणाला चहूकडून बोटभर काठ राखून खिडकी कापावी, आणि तळाला फ्लॅशच्या डोक्यासाठी वाट करताना पुठ्ठा काढून न टाकता फुली मारून छेद द्यावा, म्हणजे ज्या चार पाकळ्या सुटतात त्या बाहेर वळवून सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या वळ्याने फ्लॅशवर आवळता येतात. आतून पाठकोऱ्या कागदांचे अस्तर द्यावे, कोरी बाजू वर. कारण पुठ्ठ्याचा तपकिरी रंग प्रकाशातील निळा अंश शोषून घेतो व चेहऱ्यावर कावीळ झाल्यासारखी पिवळी झाक येते. खिडकीवर जुन्या नकाशांच्या ट्रेसिंग पेपरचा कोरा, न पिवळलेला भाग ताणून चिकटवावा, आणि त्याच कागदाचा तळहाताएवढा दुसरा तुकडा पेटीच्या मध्यावर दोऱ्यांनी टांगावा; तो नसेल तर खिडकीचा मध्य प्रखर व कडा मंद राहतात आणि एवढी मोठी खिडकी कापल्याचे प्रयोजनच उरत नाही. मार्दव कागदात नसून उगमाच्या विस्तारात आहे: २८ चौरस सेंटिमीटरांचा उगम या खटपटीने सुमारे ४५० चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे सोळापट होतो, आणि त्याचे मोल म्हणून जवळपास चौथाईच प्रकाश हाती उरतो, हा हिशेब धरूनच कॅमेऱ्याची योजना करावी.

फ्लॅशवर धूसर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा चढवला की छाया मृदू होतात, ही समजूत पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीतच खरी ठरते, कारण तिथे त्या भिंतीच उगम बनतात; उघड्या मैदानात तोच तुकडा उगमाला काडीचेही मोठे करीत नाही, केवळ प्रकाश वाया घालवतो.

पेटीची परीक्षा घ्यावयाची तर पितळेच्या समईवर घ्यावी. घासलेले पितळ आरशाच्या जातीचे असल्यामुळे त्यावर उगमाचेच प्रतिबिंब पडते. नुसत्या फ्लॅशने दांड्याच्या प्रत्येक कडीवर डोळे दिपवणारा एकेक ठिपका उमटतो व बाकीचे पितळ काळवंडते, पण पेटी वीतभर अंतरावर आणली की तो ठिपका लांबट, विरत्या कडांचा पट्टा होऊन दांड्यावरून उतरतो, आणि कातकामाच्या बारीक रेषा व खाचांत उरलेली चिंचेच्या घासणीची मळकट रेघही स्पष्ट दिसू लागते. पेटी दोन हात मागे नेली की खिडकी समईच्या दृष्टीने पुन्हा लहान होते, आणि ठिपका परत येतो.

याच्या उलट काम, प्रकाशाला आवरून धरण्याचे, पन्हळी पुठ्ठा करतो. त्याच्या पन्हळींना आडवे कापून २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढाव्यात व पन्हळींची तोंडे समोर येतील अशा रीतीने फेविकॉलने एकीवर एक रचून रात्रभर वजनाखाली ठेवाव्यात. पन्हळ ४ मिलिमीटर उंचीची असेल तर प्रकाश सुमारे १८ अंशांच्या आतच बाहेर पडतो, आणि पट्ट्यांची रुंदी दुप्पट केल्यास कोन जवळजवळ निम्मा होतो. चेहऱ्यापुरता कवडसा पडून मागची भिंत अंधारात राहते. यासाठी पूर्वी काळ्या स्ट्रॉ वापरीत. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक स्ट्रॉवर देशभर बंदी आल्यापासून पन्हळी पुठ्ठा हाती असताना मला तरी दुसऱ्या कशाची उणीव भासलेली नाही.

एक ताकीद मात्र निःसंदिग्ध शब्दांत द्यावीशी वाटते: भंगारातला फ्लॅश हाती आला तरी तो उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटरमध्ये सेल काढल्यानंतरही सुमारे ३०० व्होल्टचा विद्युत्‌भार टिकून राहू शकतो व तो जीवघेणा ठरू शकतो. आपली कारागिरी तावदानाच्या बाहेरच ठेवावी.

पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, कडा फुगतात व चिकटपट्टी सुटते. त्यावर इलाज म्हणून चौकाचौकांतून उतरवलेल्या फ्लेक्स फलकांचा तुकडा पेटीला बाहेरून लपेटावा, आणि उरलेला, पांढरी पाठ वर करून, समईच्या दुसऱ्या बाजूस परावर्तक म्हणून उभा करावा.