आजाऱ्याच्या उशाशी गाण्यापूर्वी

साकीनाक्याला शांतता दुर्मीळ आहे. अंधेरी-घाटकोपर रस्त्यावरील वाहने, २०१४ साली धावू लागलेली मेट्रो आणि डोक्यावरून जाणारी विमाने ह्यांचा आवाज चाळीतल्या लहानशा खोलीतही शिरतो. अशाच एका खोलीत आम्ही अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंना भेटावयास गेलो होतो. सोबतच्या मंडळींनी प्रेमाने भक्तिगीत सुरू केले. दुसऱ्या कडव्याला आजीबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले. गाणे हवे आहे का, हे आम्ही त्यांना विचारलेच नव्हते.

संगीतोपचारात व समग्र परिचर्येत मूल्यमापनाची साधने वापरतात ती प्रथम ह्यासाठीच. एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी परिचर्येवरील आपल्या पुस्तकात अनावश्यक आवाजाने रुग्णाला होणाऱ्या त्रासावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. कोणती वाद्ये रुग्णास मानवतात, ह्याचाही विचार त्यात आहे.

सर्वांत सोपे साधन म्हणजे शून्य ते दहा ही वेदनेची मोजपट्टी. संगीतापूर्वी एकदा आणि नंतर पुन्हा रुग्णाने स्वतः आकडा सांगावयाचा. मात्र सातावरून चारावर आलेला आकडा हा गाण्याचाच गुण असे घाईने म्हणू नये. वेदनाशामक गोळी केव्हा दिली, हीही नोंद शेजारी हवी.

ज्याला बोलता येत नाही, त्याचे काय? स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या अवस्थेतील रुग्णांसाठी २००३ साली ‘पेनॅड’ ही मोजपट्टी प्रसिद्ध झाली. श्वास, कण्हणे, चेहरा, देहबोली आणि धीर दिल्यावर मिळणारा प्रतिसाद अशा पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. भिंतीकडे वळलेला चेहरा हेही एक उत्तरच असते, हे परिचारिका जाणते. आम्ही मात्र तिसरे कडवेही गायलो!

अमेरिकेतील परिचर्या-संशोधक लिंडा गर्डनर ह्यांनी रुग्णाच्या संगीताच्या आवडीची प्रश्नावलीच तयार केली. आयुष्यात संगीताचे स्थान काय होते, कोणते गायक वा वाद्य आवडे, असे प्रश्न त्यात आहेत. रुग्णाला सांगता येत नसेल तर कुटुंबीयांना विचारतात. ‘आजारी माणसाला भजनच हवे’ हा समज येथे गळून पडतो.

पुढच्या भेटीत आम्ही विचारले. आजीबाईंना लता मंगेशकरांची जुनी गाणी हवी होती, तीही नातवाने मोबाइलवर हळू आवाजात लावलेली. रोझरी त्या आम्ही गेल्यावर एकट्याच म्हणणार होत्या.