चारा वाढला, पण कस टिकला का?



गाय-शेळी पाळणाऱ्या आपण वैरणीचे भारे मोजतो. भाऱ्यात कस किती, तेही बघायला हवं. दुधाचं गणित त्यावरच असतं.

हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वाढतोय. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या वर गेलाय. कर्बवायू हे झाडाचं अन्न, त्यामुळे बरीच गवतं जोमानं वाढतात. पण गवताला नत्र आणि स्फुरद मातीतूनच घ्यावं लागतं, आणि तो साठा तेवढाच राहतो. डाळ तेवढीच आणि पाणी जास्त, तसं होतं. भारा मोठा, प्रथिनं कमी.

मातीच्या आतही फरक पडतो. मुळांतून जास्त साखर झिरपते, त्यावर जिवाणू आणि बुरशी पोसतात. त्यांनाही नत्र लागतं, ते गवताच्या वाट्यातलं ओढतात. कमी नत्राचा पाला हळू कुजतो आणि नत्र त्यातच अडकतं.

न्यूझीलंडमध्ये १९९७ पासून मेंढ्यांच्या कुरणावर मुद्दाम जादा कर्बवायू सोडून पाहिलं. मुळं खाणारे सूत्रकृमी वाढले. पण क्लोव्हर नावाचं द्विदल गवतही वाढलं. द्विदलांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात, म्हणून चाऱ्याचा कस सावरला.

आपल्याकडची मारवेल, पवना ही गवतं, तसंच ज्वारी आणि मका, कर्बवायू आधीच चांगला वापरतात. त्यांच्यावर हा परिणाम कमी. तरी आपल्या माळाची माती आधीच हलकी, तिला नत्र परत द्यायलाच हवं.

पुढच्या बैठकीत हे ठरवूया:

• बांधावर, गायरानात स्टायलो किंवा दशरथ घास लावायची.
• गवत फुलोऱ्यात येताच कापायचं. पिकून वाळलं की कस उतरतो.
• गोवऱ्या जाळल्या की शेणातलं नत्र धुरात जातं. जमेल तेवढं शेण खड्ड्यात टाकायचं. गोठ्यातलं मूत काडीकचऱ्यात मुरवून तेही खड्ड्यात घालायचं.
• माळ पेटवायचा नाही.

हवा आपल्या एका गावाच्या हातात नाही. खताचा खड्डा मात्र आपल्याच अंगणात आहे.