वारसा, दोष आणि अपराध

मातापित्यांचे गुणधर्म अपत्यांत कसे उतरतात? दोन रंग मिसळून तिसरा व्हावा तसे ते मिसळतात, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला छेद देणारे ग्रेगोर मेंडेल हे मोराव्हियातील ब्रुन (आजचे ब्रनो) येथील मठात राहणारे धर्मगुरू होते, हे आम्हांस विशेष वाटते. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याच्या हजारो रोपांवर प्रयोग केले. गोल व सुरकुतलेल्या बियांच्या शुद्ध वाणांचा संकर करता पहिल्या पिढीत सर्व बिया गोलच निघाल्या. त्या पेरून स्वपरागण होऊ दिले, तेव्हा मात्र ५,४७४ बिया गोल व १,८५० सुरकुतलेल्या मिळाल्या, म्हणजे सुमारे तिनास एक. लोपलेला गुण नष्ट झाला नव्हता, केवळ झाकला गेला होता. प्रत्येक गुणाचे दोन घटक असून मातापित्यांपैकी प्रत्येकाकडून एकेक येतो, हा त्याचा अर्थ. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचे महत्त्व जगास १९०० साली, मेंडेल यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी उमगले.

हाच नियम मनुष्याच्या रक्तातही दिसतो. विदर्भ, नंदुरबार तसेच मध्य प्रदेश व गुजरात यांच्या आदिवासी भागांत सिकलसेल हा विकार आढळतो. हिमोग्लोबिनचे एकच जनुक सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक असते व बहुधा निरोगी दिसते. दोन्ही जनुके सदोष असल्यास तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव एकचतुर्थांश, वाहक होण्याचा निम्मा व दोषमुक्त असण्याचा एकचतुर्थांश असतो. एक मूल आजारी जन्मले म्हणून पुढील तीन निरोगी निपजतील, असे नव्हे. प्रत्येक जन्मी हिशेब नव्याने मांडला जातो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. रुग्ण बालकाचा दोष एकट्या मातेच्या माथी मारणे हे अज्ञान आहे, कारण एक जनुक पित्याचेही असते. तसेच जनुकातील दोष म्हणजे कोणाचे पाप नव्हे. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनी विचारलेला प्रश्न (योहान, अध्याय ९) आजही घरोघरी विचारला जातो, आणि प्रभूचे उत्तर मात्र विसरले जाते.

म्हणून विवाहापूर्वी वधू व वर या दोघांनीही रक्ततपासणी करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. तपासणीचा हेतू कोणास बट्टा लावणे हा नसून, दोघांनी डोळसपणे निर्णय घ्यावा, इतकाच आहे.